लेंटिव्हायरस एचईकेमध्ये मस्त जातोय, जुरकॅटमध्ये मात्र ९ टक्के! काय चुकतंय?

हळदपेठ_सांगली

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोटेक शेवटचं वर्ष, सांगलीतच कॉलेज, प्रोजेक्ट सबमिशनला पाच आठवडे उरलेत आणि गाडी एकाच जागी रुतून बसलीये. विषय एवढाच की लेंटिव्हायरल व्हेक्टर (सेलमध्ये जीन पोचवणारा, पुढे वाढू न शकणारा व्हायरस) वापरून जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा) जीन जुरकॅट सेल्समध्ये (लॅबमध्ये वाढणाऱ्या टी-सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घालायचा. पुढचं सगळं, म्हणजे टी-सेलमध्ये कॅन्सर ओळखणारा रिसेप्टर घालणं वगैरे, ते सरांच्या स्वप्नात आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलवाल्यांच्या अशाच रिसेप्टरच्या कार-टी थेरपीला आपल्याकडे परवानगी मिळाली तेव्हापासून सर लेक्चरमध्ये दुसरं काही बोलतच नाहीत, पण मला सध्या हिरवे सेल्स दिसले तरी बास.

केलंय ते सांगते. एचईके २९३टी सेल्समध्ये (माणसाच्या किडनीच्या, लॅबमध्ये सहज वाढणाऱ्या) तीन प्लास्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, टाकून (ट्रान्सफर, पीएसपॅक्स२ आणि पीएमडी२.जी) व्हायरस बनवला, ४८ आणि ७२ तासांनी मीडियम काढून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. त्यातलं थोडं ताजं ताजंच एचईकेवर टाकून बघितलं तर ८५ टक्के सेल्स हिरवे! सरांनी पेढे मागितले, दिले. बाकीचा व्हायरस १ मिलीच्या वायलमध्ये भरून उणे ८० ला ठेवला. मग जुरकॅट आणले, पुण्याहून, एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून. स्वारगेट ते सांगली एसटीत फ्लास्क मांडीवर धरून आलेय, शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत ते कोकम सरबत वाटत होतं. ते नीट वाढले, मग सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५ लाख सेल्स, ५०० मायक्रोलिटर व्हायरस, वरून मीडियम घालून एकूण ३ मिली, पॉलिब्रीन ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. ७२ तासांनी सेल्स फिक्स करून कोल्हापूरला फ्लो सायटोमेट्रीला नेले (एकेक सेल तपासून हिरवे किती ते मोजतात, आमच्याकडे मशीन नाही) तर ९ टक्के. परत केलं, ८ टक्के. तिसऱ्यांदा केलं, ९. म्हणजे चूक तरी इमानदारीत तीच तीच होतीये.

सगळे म्हणतात जुरकॅट अवघडच असतात. कोणी म्हणतं पॉलिब्रीन वाढव, कोणी म्हणतं व्हायरस कॉन्सन्ट्रेट कर, पण अल्ट्रासेंट्रिफ्यूज आमच्याकडे नाही. व्हायरस जास्त आत जावा म्हणून नक्की काय करायचं? बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आहे, बीएसएल-२ हूड आहे, त्यावरून ओरडू नका.

बिनधास्त_लगा

पॉलिब्रीन १६ कर लगा. व्हायरस पण डबल टाक. विषय संपला.

अजिंक्यताऱ्याखाली

वरच्या सल्ल्याने विषय नाही, सेल्स संपतील. पॉलिब्रीन १६ केलं की बऱ्याच सेल्सना ते विषारीच ठरतं, आणि मेलेले सेल्स फ्लोमध्ये स्वतःच चमकतात, मग तुला वाटणार टक्का वाढला. आधी पॉलिब्रीन काय करतं ते समजून घे. सेलच्या पृष्ठभागावर सायलिक अॅसिडवगैरेमुळे ऋण भार असतो, व्हायरसच्या अंगावरही ऋण भार, दोघं एकमेकांना ढकलतात, पॉलिब्रीन हे धन भाराचं लांबलचक पॉलिमर मधे पडून ते भांडण मिटवतं. पण भांडण मिटवायला एक मध्यस्थ बास असतो, दहा आणले तर लग्नच मोडतं.

आता मुद्द्याचं. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या पुण्यात पोस्टडॉक, लेंटिव्हायरसबरोबर सात-आठ वर्षं गेलीत, त्यातली पहिली दोन तुझ्यासारखीच. तुझ्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट खटकली आणि ती जुरकॅट नाही. एचईकेवर तू ताजा व्हायरस टाकलास. जुरकॅटवर गोठवून वितळवलेला टाकलास. म्हणजे सेल बदलले आणि व्हायरसची अवस्थाही बदलली, दोन्ही एकदम, आणि दोष मात्र बिचाऱ्या जुरकॅटला. जी वायल जुरकॅटवर वापरतेस त्याच वायलमधला थोडा व्हायरस त्याच दिवशी एचईकेवरही टाक. हे केल्याशिवाय बाकी काहीही करू नकोस, कारण व्हायरसच मेलेला असेल तर वरचे सगळे उपाय म्हणजे मढ्याला टॉनिक.

आणि टाकताना अंदाजपंचे टाकू नकोस, टायटर काढ, म्हणजे एका मिलीत कामाचे व्हायरस किती ते. चोवीस वेलच्या प्लेटमध्ये एचईके लाव, दुसऱ्या दिवशी व्हायरस टाकायच्या वेळी एका वेलातले सेल्स मोजून घे (आदल्या दिवशीचा आकडा धरायचा नाही, रात्रीत ते वाढलेले असतात), मग १, ५, १०, ५०, १०० मायक्रोलिटर असे वेगवेगळे डोस टाक. तीन दिवसांनी ज्या वेलात ५ ते २० टक्के हिरवे असतील तोच वेल हिशेबाला घ्यायचा. समज १ लाख सेल्स, १० मायक्रोलिटर व्हायरस, १२ टक्के हिरवे, तर १ लाख गुणिले ०.१२ भागिले ०.०१ मिली, म्हणजे १२ लाख ट्रान्सड्युसिंग युनिट प्रति मिली. ८५ टक्केवाला वेल घेऊन हिशेब केलास तर चुकणार, कारण तिथे एकेका सेलमध्ये दोन-दोन तीन-तीन व्हायरस शिरलेत आणि मशीनला ते एकच दिसतं.

हे का ते लग्नातल्या अक्षतांवरून बघ. शंभर माणसं, शंभर दाणे, सगळे उधळले. प्रत्येकाला एक एक मिळतो का? नाही. साधारण ३७ जण कोरडे राहतात आणि कुणाकुणाच्या डोक्यावर तीन तीन दाणे. एमओआय म्हणजे सेलमागे व्हायरस किती, आणि एमओआय १ म्हणजे हेच, सेल्सएवढेच व्हायरस टाकले तरी ६३ टक्केच हिरवे. एमओआय ३ ला ९५ टक्के. आणि तुझे ९ टक्के म्हणजे एमओआय ०.१ च्या आसपास, दहा माणसांमागे एक दाणा. आता तो दाणा कुठे हरवतोय ते शोधायचं.

एक जागा मला दिसतीये. सहा वेलच्या प्लेटमधला एक वेल साधारण साडेनऊ चौरस सेंटीमीटरचा, त्यात ३ मिली म्हणजे मीडियमची उंची झाली ३ मिलिमीटरच्या वर. जुरकॅट तळाशी बसतात. व्हायरस सगळीकडे पसरलेला, त्याला पोहता येत नाही, पाण्याच्या धक्क्यांनी नुसता भरकटतो. शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचा कण एका तासात किती लांब भरकटेल याचा हिशेब घातला तर साधारण ०.२ मिलिमीटर येतो, आणि वेळ चौपट झाला की अंतर दुप्पटच होतं, म्हणजे अख्ख्या दिवसात जेमतेम १ मिलिमीटर. तिकडे ३७ अंशाला व्हायरस काही तासांत अर्धा निकामी होत जातो. म्हणजे वरच्या थरातला तुझा बहुतेक माल तळाशी पोचायच्या आधीच वाटेत संपतो. सेल्स कमी घे, मीडियम कमी कर, तेवढ्याच व्हायरसला कमी अंतर दे. याला एक रुपया लागत नाही.

हळदपेठ_सांगली

दादा खूप खूप धन्यवाद, अक्षतांचं उदाहरण सरांना सांगितलं, ते आता लेक्चरमध्ये स्वतःचं म्हणून वापरणार. (@बिनधास्त_लगा मी मुलगी आहे, लगा काय.)

त्याच वायलमधून एचईकेवर टाकलं. बसा खाली. १ लाख सेल्स, ५० मायक्रोलिटर, १४ टक्के. म्हणजे २ लाख ८० हजार प्रति मिली. ज्या व्हायरसने ८५ टक्के हिरवे केले होते त्यानेच!

मग मी शोधाशोध केली. आमच्या लॅब अटेंडंट मामांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं ते वळवाच्या पावसात लाइट गेलती न्हवं, जनरेटरवर तो फ्रीजर नव्हता, मग मी तुमचं सगळं खालच्या डिपार्टमेंटच्या बारक्या फ्रीजरात हलवलं की, सोमवारी परत आणून ठेवलं, काय हरवलं का?" शुक्रवार ते सोमवार. उणे २० ला. मामांनी खरं तर जीव लावून केलं, पावसात दोन जिने थर्माकोलचा डबा घेऊन उतरले, मला काय बोलावं कळेना. चहा पाजला त्यांना.

म्हणजे माझे तिन्ही रन मेलेल्या व्हायरसवर झाले?

अजिंक्यताऱ्याखाली

मेलेल्या नाही, अर्धमेल्या. लेंटिव्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण असतं, सेलच्याच पडद्यातून घेतलेलं, ते हळूहळू गोठलं वितळलं की फाटतं. उणे ८० ला ते टिकतं, उणे २० ला नाही, आणि प्रत्येक वितळवण्याला टायटर पडतो. म्हणून १ मिलीच्या वायल करूच नयेत, ५० ते १०० मायक्रोलिटरच्या करायच्या, एकदा वितळवली की वापरायची नाहीतर फेकायची, परत गोठवायची नाही. तुझ्या १ मिलीच्या वायल तू नक्की दोन-तीनदा वितळवल्यास, खरं सांग.

आणि तरी पूर्ण उत्तर झालं नाही. २ लाख ८० हजारच्या हिशेबाने ५०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख ४० हजार युनिट होते, सेल्स ५ लाख, म्हणजे एमओआय ०.२८. अक्षतांच्या गणिताने २४ टक्के यायला हवे होते, आले ९. तेव्हा जुरकॅटच्या बाजूलाही गळती आहे. ट्रान्सफर प्लास्मिडमध्ये प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारं बटण, कुठला आहे?

हळदपेठ_सांगली

तीनदा वितळवल्या 🙈 प्रमोटर सीएमव्ही.

अजिंक्यताऱ्याखाली

हां. मग ऐक, हे फार जणांना सापडत नाही. सीएमव्ही प्रमोटर एचईकेमध्ये ढोल वाजवतो, रक्ताच्या जातीच्या सेल्समध्ये, जुरकॅटमध्येही, तो दबका चालतो आणि दिवस जातील तसा बंदही पडतो. म्हणजे जीन आत गेलाय, गुणसूत्रात बसलाय, पण बोलत नाही. तू "व्हायरस शिरत नाही" म्हणून शिरवायचे उपाय करत बसणार आणि खरा आजार आवाजाचा. फ्लोच्या फाइल परत उघड आणि हिरव्या सेल्सचं ढिगारं कुठे आहे बघ. एचईकेत ते उजवीकडे लांब असेल, जुरकॅटमध्ये निगेटिव्हच्या ढिगाऱ्याला चिकटून बसलं असेल तर मी म्हणतो तेच. पक्कं करायचं तर सेल्सचा डीएनए काढून क्यूपीसीआरने प्रत्येक सेलमागे व्हेक्टरच्या किती प्रती आहेत ते मोज. प्रती भरपूर आणि हिरवं कमी असेल तर प्रमोटर बदल, ईएफ१-अल्फा वापर, टी-सेलवाले बहुतेक तोच वापरतात. डीएनए मोजायचा तो आठवडाभराने, लगेच मोजलास तर सोबत वाहून आलेलं प्लास्मिडच मोजलं जाईल.

मिरज_जंक्शन

उशिरा आलो, ड्युटी होती. मी आता मिरजेत ब्लड बँकेत आहे पण आधी सहा वर्षं सेल कल्चरच केलंय, म्हणून हाताने करायच्या दोन गोष्टी सांगतो, थिअरी वरच्या दादांची.

पहिली, फिरवा. स्पिनॉक्युलेशन. चोवीस वेलच्या प्लेटमध्ये १ लाख जुरकॅट, व्हायरस आणि मीडियम मिळून २५०-३०० मायक्रोलिटर, पॉलिब्रीन ६ ते ८, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ८०० ते १००० जी ला ३२ अंशावर दीड तास. ३७ नको, व्हायरस लवकर मरतो. मशीन आधी अर्धा तास रिकामं फिरवून गरम करून घ्या नाहीतर पहिला पाऊण तास थंडच असतं. मीटरवर आरपीएम बघून लावू नका, रोटरप्रमाणे जी वेगळा येतो, आमच्याकडे एकाने हजार जी म्हणून हजार आरपीएम लावले आणि दोन महिने "स्पिनने फरक पडत नाही" असं सगळ्यांना सांगत फिरला. त्या दीड तासात भरकटत बसलेला व्हायरस सरळ खाली सेल्सवर येऊन बसतो, वर तो ०.२ मिलिमीटरचा हिशेब आहे ना, त्याला हे उत्तर. प्लेट फिरवायचा अडॅप्टर नसेल, छोट्या कॉलेजात नसतोच, तर १५ मिलीच्या झाकणाच्या ट्यूबमध्ये करा, स्विंग-आउट बकेटमध्ये, तळाशी सेल्स जमतात तेच पाहिजे. बकेटची झाकणं लावा. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर लगेच उघडू नका, दहा मिनिटं जाऊ द्या, आणि उघडायचं ते हूडमध्येच, व्हायरसचा फवारा नाकात नको. प्लेटच्या कडा पॅराफिल्मने गुंडाळा. झालं की चार-पाच तास इन्क्युबेटर, मग ताजं मीडियम घालून पॉलिब्रीन पातळ करा, रात्रभर त्यातच ठेवायची गरज नाही.

दुसरी, पुढे कधी सरांच्या स्वप्नातल्या खऱ्या टी-सेल्सकडे गेलात तर पॉलिब्रीन सोडा, त्यांना सोसत नाही. प्रोटामिन सल्फेट वापरतात. ते औषधच आहे, बायपासनंतर रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन उतरवायला देतात, मिरजेत हार्टची ऑपरेशनं होतात तिथल्या फार्मसीत असतंच. मूळ सामन माशाच्या शुक्राणूतून काढलेलं, म्हणजे तिथेही डीएनएला गुंडाळून ठेवायचंच काम करत होतं. आणि झोपलेल्या टी-सेलवर टाकू नका. तुमच्या व्हायरसवर व्हीएसव्ही-जीचं आवरण आहे, ते एलडीएल रिसेप्टरला धरून आत जातं, कोलेस्टेरॉलवालाच रिसेप्टर, आणि झोपलेल्या टी-सेलवर तो जवळपास नसतो. सीडी३-सीडी२८ या त्यांच्या रिसेप्टरना धरणाऱ्या अँटिबॉडीने जागं करायचं, एक-दोन दिवसांनी दार उघडतं, तेव्हा टाकायचं. पैसे असतील तर रेट्रोनेक्टिन मिळतं, फायब्रोनेक्टिनचा तुकडा, एका हाताने व्हायरस धरतो दुसऱ्याने सेल. प्लेटला लावून ठेवायचं. किंमत बघून घाम फुटतो.

विटेकर_बाबा

मी या क्षेत्रातला नाही, विट्याचा आहे, गुगलवर शोधताना इथे आलो. माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, रक्त नीट गोठत नाही, वय नऊ, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ च्या इंजेक्शनसाठी सारखं जावं लागतं, गुडघ्यात रक्त साकळलं की रात्र रात्र रडतो. बातम्यांत ते १६ कोटीचं इंजेक्शन दाखवतात ते याच व्हायरसचं का? तुम्ही लोक ९ टक्के, ८५ टक्के करताय त्याचा आमच्यासारख्यांशी काही संबंध आहे का? चुकीचं विचारलं असेल तर माफ करा.

अजिंक्यताऱ्याखाली

बाबा, माफी कसली, तुमचाच प्रश्न खरा आहे.

१६ कोटीचं ते एसएमए नावाच्या मज्जातंतूंच्या आजाराचं, आणि त्यातला व्हायरस वेगळा, एएव्ही९. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एएव्ही फार छोटा, २५ नॅनोमीटरचा, त्यात जेमतेम ४७०० अक्षरांचा मजकूर मावतो. फॅक्टर ८ च्या जीनमधला प्रोटीन बनवणारा मजकूरच अख्खा घेतला तर सात हजार अक्षरांचा, म्हणून त्याचा मधला भाग कापून कसाबसा बसवतात. असं एएव्हीचं औषध हिमोफिलिया ए साठी २०२२ मध्ये युरोपात मंजूर झालं, पण ते मोठ्या माणसांसाठीच. कारण एएव्हीने दिलेला जीन पेशीच्या गुणसूत्रात सहसा बसत नाही, बाजूला राहतो, आणि मुलाचं यकृत वाढतं तेव्हा पेशी दुप्पट होत जातात नि जीन विरळ होत जातो. मोठ्यांमध्येही वर्षागणिक फॅक्टर उतरताना दिसलाय. आणि एकदा दिलं की शरीरात अँटिबॉडी तयार होतात, दुसरा डोस लागू पडत नाही. बऱ्याच लोकांच्या रक्तात तर नुसत्या लहानपणच्या सर्दी-खोकल्यासोबत आलेल्या एएव्हीमुळे आधीच अँटिबॉडी असतात, त्यांना पहिलाही देता येत नाही.

आता आमच्या ९ टक्क्यांचा संबंध. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांवर लेंटिव्हायरस वापरून चाचणी केली, २०२४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, बाहेर प्रयोगशाळेत लेंटिव्हायरसने त्यांच्यात फॅक्टर ८ चा जीन घालायचा आणि परत रुग्णाला द्यायच्या. इथे जीन गुणसूत्रात बसतो, पेशी वाढली तरी सोबत जातो. आणि बघा, पाचातल्या दोघांच्या पेशींना व्हायरस नुसता दिला, तिघांच्या पेशींना व्हायरस जास्त आत जावा म्हणून एक मदतनीस रसायन बरोबर दिलं. आत्ता आम्ही इथे पॉलिब्रीन, प्रोटामिन करत डोकं खाजवतोय ना, तीच जात. मदतनीस दिलेल्या तिघांच्या रक्तात फॅक्टर स्पष्ट जास्त आला. उपचारानंतर पाचही जणांमध्ये वर्षाला होणाऱ्या रक्तस्रावांचं प्रमाण शून्य.

पण घाई करू नका. ते सगळे प्रौढ होते, पाचच होते, आणि मूळ पेशींना जागा व्हावी म्हणून आधी केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, ते नऊ वर्षाच्या पोराला हसतखेळत करायचं काम नाही. आत्ता त्याचा फॅक्टर चुकवू नका, सांधा वाचवणं हेच आज महत्त्वाचं. आणि हिमॅटॉलॉजिस्टना विचारा की फॅक्टर रक्त आल्यावर न देता आधीच ठराविक दिवसांनी देता येईल का, त्याने गुडघा वाचतो.

विटेकर_बाबा

समजलं बऱ्यापैकी. ते ठराविक दिवसांनीचं डॉक्टरांना विचारतो, आम्हाला कोणी बोललं नव्हतं. तुमच्या सांगलीच्या ताईंचे सेल हिरवे होऊ देत.

बिनधास्त_लगा

ताई सॉरी. पण मग एक सांगा दादा, एमओआय १० करून सगळेच सेल हिरवे का नाही करायचे? अक्षता पोत्याने उधळा.

अजिंक्यताऱ्याखाली

हा आता बरोबर प्रश्न विचारलास. कारण प्रत्येक दाणा गुणसूत्रात कुठेतरी घुसतो आणि कुठे घुसेल यावर आपलं नियंत्रण नाही. फ्रान्समध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर रेट्रोव्हायरसने उपचार केले, मुलं बरी झाली, आणि २००२ मध्ये कळलं की त्यातल्या एकाला ल्युकेमिया झाला, नंतर आणखी काहींना. व्हायरस एलएमओ२ नावाच्या जीनजवळ बसला आणि त्याला चालू करून ठेवलं. त्यानंतर व्हेक्टरच्या दोन्ही टोकांची ती चालू करायची ताकद काढून टाकली, आता आपण वापरतो ते तसेच, पण तरी माणसाला द्यायच्या पेशीत सरासरी पाचच्या खाली प्रती ठेवायचा दंडक आहे. ९५ टक्के हिरवे म्हणजे सरासरी तीन प्रती आणि काहींत सहा-सात. प्लेटमध्ये फोटो छान येतो. प्रोजेक्टसाठी ३०-६० टक्क्यांच्या मधे राहिलीस तर मी तरी जास्त खूश होईन, नंतर हिरवे तेवढे वेगळे काढून वाढवता येतातच.

हळदपेठ_सांगली

अपडेट!! नवीन व्हायरस बनवला, यावेळी ५० मायक्रोलिटरच्या वायल. एक वायल गोठवून, वितळवून, एचईकेवर टायटर: १ लाख सेल्स, ५ मायक्रोलिटर, १५ टक्के, म्हणजे ३० लाख प्रति मिली. आधीच्या दहापट. मग जुरकॅट, मिरजेच्या दादांच्या पद्धतीने १५ मिलीच्या ट्यूबमध्ये, १ लाख सेल्स, १०० मायक्रोलिटर व्हायरस, एकूण ३०० मायक्रोलिटर, पॉलिब्रीन ६, ३२ अंश, दीड तास. एक ट्यूब न फिरवता तशीच ठेवली.

न फिरवलेली: ३१ टक्के. फिरवलेली: ५८ टक्के.

कोल्हापूरला त्या मशीनपुढे मी एवढ्यांदा ओरडले की ऑपरेटर मॅडमनी बाहेर जायला सांगितलं. आणि दादा, जुन्या फाइल उघडल्या, हिरवं ढिगारं निगेटिव्हला चिकटूनच आहे, आत्ताच्या ५८ मध्येपण. ईएफ१-अल्फाचं प्लास्मिड सरांनी पुण्यातल्या ओळखीच्या लॅबकडे मागितलंय.

मिरज_जंक्शन

छान. पण व्हायरस न टाकलेली, पॉलिब्रीन घालून फिरवलेली ट्यूब कुठाय? जुरकॅट फिरवल्यावर मरतात थोडे आणि मेलेले चमकतात, ढिगारं चिकटून असेल तर तिथेच घोळ होतो. गेट, म्हणजे कुठून पुढे हिरवे धरायचे ती रेषा, कशावर लावलं?

हळदपेठ_सांगली

😶 गेट जुन्या निगेटिव्हवर लावलं, न फिरवलेल्या. उद्या परत करते, मेलेल्यांचा डायपण घालते. ५८ चे ५० झाले तरी चालेल.

आणि फ्रीजर आता जनरेटरच्या लाइनवर घेतलाय. दारावर मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, "हलवायच्या आधी मला फोन करा." संध्याकाळी जाऊन बघते तर खाली पेनाने कोणीतरी लिहिलंय, "नंबर?" अक्षर मामांचं आहे.